तोरण उंच बांधा, निर्माल्य झाकून ठेवा
दिवाळीची सजावट आणि दारातली जनावरं



दिवाळी तोंडावर आली. हलका धान कापून झाला, कुणाचे पुंजणे शेतात उभे आहेत, कुणाची मळणी चालू आहे. घरी सडा-सारवण, रंगरंगोटीची घाई आहे. दोन-चार दिवसांत झेंडू येईल, आंब्याची पानं येतील, आकाशकंदील लागेल, पोरं बाजारातून विजेची माळ आणतील. आणि ज्या दारात ही सगळी सजावट होते, त्याच दारात आपली शेळी बांधलेली असते, कोंबड्या फिरत असतात, मांजर पायात घोटाळत असतं, कुत्रा ओट्यावर बसलेला असतो.

तोरण बांधलं आणि तासाभरात शेळीने अर्धं खाल्लं, रांगोळी काढली आणि कोंबड्यांनी उकरली, असं कुणाच्या घरी झालं नाही? आपण ओरडतो, हसतो आणि पुन्हा रांगोळी काढतो. नुकसान दहा-वीस रुपयांचं. पण तोच तोरणाचा दोरा, तीच माळेतली तार, तीच थर्माकोलची फुलं जनावराच्या पोटात गेली तर नुकसान हजारांवर जातं.

शेळ्या-कोंबड्यांचा कारभार बहुतेक घरांत बाईच्याच हातात असतो. गटाचं कर्ज घेऊन शेळी घेतली असेल, तर शेळी मेली म्हणून हप्ता थांबत नाही. शेळी पाच महिने गाभण राहते. गाभण शेळी गेली तर पोटातली पिल्लंही जातात आणि पुढच्या वर्षीचा हिशोबही बसतो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. सजावट करूच नका, असं आमचं म्हणणं नाही. ती कुठे लावायची, कशाची करायची आणि मुख्य म्हणजे कधी आवरायची, एवढंच सांगायचं आहे.

कोण काय खातं आणि का खातं?

प्रत्येक जनावराची खोड वेगळी असते. ती कळली की अर्धं काम सोपं होतं.

शेळी: शेळी ओठांनी चाचपून, निवडून खाते. हिरवं पान दिसलं की तिला राहवत नाही. आंब्याच्या पानांचं तोरण म्हणजे तिच्यासाठी ताटच. मागच्या दोन पायांवर उभी राहिली की आपल्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत ती सहज पोचते. आंब्याच्या चार पानांनी किंवा झेंडूच्या दोन फुलांनी तिला काही होत नाही. त्रास होतो तो पानांबरोबर गेलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने आणि तारेने. बाजारच्या झेंडूवर कधी कधी औषधाची फवारणी झालेली असते, हेही लक्षात ठेवा.

गाय, म्हैस, बैल: यांचं उलट आहे. गाय जिभेने घास ओढते आणि फारसं न चावता गिळते, नंतर निवांत बसून रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यात खिळा, पिन, तारेचा तुकडा असला तर तिला तो कळतच नाही. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. जड वस्तू जाऊन पडतात त्या दुसऱ्या कप्प्यात, ज्याला आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. हा कप्पा हृदयाच्या अगदी जवळ असतो, मध्ये फक्त एक पडदा. पोट आवळलं की तार जाळीतून आरपार टोचते, आणि कधी कधी थेट हृदयाच्या पिशवीपर्यंत जाते. चमचमणाऱ्या माळेच्या आत बारीक तार असते. कागदी फुलांना स्टेपलरच्या पिना असतात. आपल्याला ती शोभा दिसते, गाईच्या पोटात ती सुई होते.

मांजर: मांजराला हलणारी, लोंबणारी वस्तू दिसली की ते झडप घालतंच. त्याच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्यामुळे तोंडात दोरा गेला की त्याला तो थुंकता येत नाही, आतच सरकत जातो. असा लांब दोरा आतड्यात अडकला की आतडं नाडी ओढलेल्या परकरासारखं गोळा होतं आणि चिरतं. झिरमिळ्या, फुगा बांधायचा दोरा, राखीचा दोरा, हारातला दोरा, सगळ्यांची गत हीच.

कुत्रा: कुत्रा वासावर जातो. तेल-तूप लागलेली वात, कणकेचा दिवा, प्रसाद बांधलेली पन्नी, असं सगळं तो वातीसकट, पन्नीसकट गिळतो. पिल्लू असेल तर दात शिवशिवतात म्हणून विजेची वायर चावतं.

कोंबडी: चकाकणारं आणि दाण्यासारखं दिसणारं काहीही ती टिपते. थर्माकोलचे पांढरे दाणे, टिकल्या, मणी, चमकी. हे पचत नाही. गळ्याखालच्या पिशवीत साचून राहतं, कोंबडी खाणं सोडते आणि वाळत जाते.

लावताना काय बघायचं?

तोरण: जनावर मागच्या पायांवर उभं राहून पोचणार नाही इतकं उंच बांधा. दोन्ही टोकांना लोंबणारा दोरा ठेवू नका, कापून टाका. शेळी दारात बांधत असाल तर सणाचे चार दिवस तिचा खुंटा सांदवाडीत हलवा. दोर तेवढाच ठेवा, पण खुंट्यापासून दारापर्यंतचं अंतर मोजून घ्या.

ओवायला नायलॉनऐवजी सुती दोरा किंवा केळीचं सोपट वापरा. तारेवर फुलं ओवू नका. सोपट पोटात गेलं तरी ती वनस्पतीच आहे. जाड सुती दोऱ्यानेही मांजराला त्रास होऊ शकतो, म्हणून उंचीचा नियम सगळ्यांनाच लागू.

आपल्याकडे नव्या धानाच्या लोंब्या दाराला टांगतात. याच्याइतकं चांगलं तोरण बाजारात मिळत नाही. चिमण्या येऊन दाणे टिपतात. खाली पडलेली लोंबी शेळीने किंवा कोंबडीने खाल्ली तरी बिघडत नाही.

रांगोळी: बाजारची रांगोळी दगडाची पूड असते आणि रंग रसायनाचे असतात. कोंबड्यांसाठी ते खाणं नव्हे. तांदळाच्या पिठाची रांगोळी खाल्ली तर अपाय नाही, पण मग ती टिकणारही नाही. उपाय सोपा आहे. पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी रांगोळी काढा, पूजा होईपर्यंत त्यांना आतच दाणापाणी द्या, आणि मग मागच्या दाराने सांदवाडीत सोडा. चमकी घातलेली रांगोळी अंगणात नको, देवघरापुढे काढा.

थर्माकोल: थर्माकोलची मखरं, फुलं, अक्षरं आणूच नका. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचं थर्माकोल बंद आहे. तरी कुठे ना कुठे विकायला दिसतं. ते कुजत नाही, पचत नाही, आणि वाऱ्याने उडून चाऱ्यात जातं.

दिवा आणि वीज

पणती लावली की तिथे कुणीतरी हवं, हा नियम आपल्याला माहीत आहे. पण मांजराची शेपटी आणि बकरीच्या पिल्लाची उडी सांगून येत नाही. पणत्या ओट्याच्या काठावर रांगेने मांडण्यापेक्षा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवा. कोनाडा नसेल तर परातीत ओली वाळू पसरून तीत दिवे बसवा. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, जुनी पितळी परात घरोघरी असते. तीच काढा. दिवा कलंडला तरी तेल वाळूत जिरेल.

कोठ्यात आणि तणसाच्या ढिगाजवळ उघडा दिवा अजिबात ठेवू नका. दिवाळीच्या दिवसांत पुंजणे आणि तणस दोन्ही कोरडे असतात. गुरांना ओवाळायचं असेल तर ताट हातात धरा, ओवाळून झालं की ताट घेऊनच बाहेर या. कोठ्यात रात्री उजेड हवा असेल तर बॅटरीचा दिवा बरा.

विजेच्या माळेचं आणखी जपायला हवं. गाई-म्हशींना विजेचा झटका माणसापेक्षा लवकर भोवतो. त्यांचे चारही पाय ओल्या जमिनीवर असतात, पायात आपल्यासारखी चप्पल नसते. म्हणून:

• माळ टीनाच्या छपराला, लोखंडी गजाला किंवा ओल्या कपड्यांच्या तारेला गुंडाळू नका.
• तुटलेल्या माळेला नुसती चिकटपट्टी लावून वापरू नका.
• माळेची वायर जमिनीवरून नेऊ नका. भिंतीच्या वरच्या बाजूने न्या.
• झोपण्याआधी नुसतं बटण बंद करून थांबू नका, पिन काढून ठेवा. वायर कुरतडायला उंदीर आणि पिल्लं रात्रीच येतात.
• जनावराला झटका बसलेला दिसला तर धावत जाऊन हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो लांब असेल तर कोरड्या काठीने वायर बाजूला करा.

जनावरालाच सजवतो तेव्हा

आपली दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने सुरू होते आणि पाडव्याला गायगोधन असतं. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात, गावची गुरं सजून बाहेर पडतात. त्याआधी पोळ्याला बैलांची झूल, गोंडे, बेगड, बाशिंग झालेलं असतं. ही सजावट जनावराच्या अंगावरच असते, म्हणून तिची काळजी वेगळी.

गळ्यातला हार कच्च्या सुती दोऱ्याचा हवा. कुठे अडकला तर हार तुटला पाहिजे, गळा आवळला जाऊ नये. शेजारी बांधलेली गाय दुसरीच्या गळ्यातला हार ओढून खाते, हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून मिरवणूक झाली, पूजा झाली, की हार, बेगड, फुगे त्याच संध्याकाळी उतरवा. सकाळी बघू म्हटलं की रात्रीतून गाईच्या पोटात गेलेलं असतं.

शिंगांना ऑइलपेंट लावत असाल तर डबा आणि ब्रश कोठ्याबाहेर ठेवा. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे जुने डबे अजून माळ्यावर पडलेले असतात. गुरं असे डबे चाटतात. शिशाची बाधा झालेलं जनावर आंधळं झाल्यासारखं भिंतीवर आदळतं, दात खातं, झटके देतं. गेरू लावा, शिंगं तेवढीच छान दिसतात.

खरा धोका सण झाल्यावर

ताईंनो, या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सणाच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष सजावटीवर असतं. दुसऱ्या दिवशी ते संपतं. पाहुणे आलेले असतात, भाऊबीज असते, मग गावोगावच्या मंडया लागतात, रात्री दंडार असते, नाटक असतं. सुकलेलं तोरण दाराला लोंबत राहतं. देवघरातले हार टोपलीत भरून सांदवाडीत टाकले जातात आणि शेळी तिथेच चरते.

त्या टोपलीत नुसता झेंडू नसतो. कण्हेर असते.

कण्हेर आपल्या अंगणात सर्रास आहे. देवाला तिची फुलं वाहतो. पण तिचं पान, फूल, काडी, मूळ, सगळं विषारी असतं. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीही तशीच. तिचं विष हृदयाच्या ठोक्यांवर घाव घालतं. थोडी पानंही शेळीचा जीव घ्यायला पुरतात. उभ्या झाडाचं पान कडू असतं म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. पान सुकलं आणि दुसऱ्या फुलापानांत मिसळलं की मात्र खाल्लं जातं, आणि सुकल्यावरही त्यातलं विष जात नाही. मारुतीला वाहिलेली रुई आणि महादेवाला वाहिलेला धोत्रा हेही विषारीच.

म्हणून निर्माल्याची ही पद्धत ठेवा:

१. हार, तोरण उतरवताना आधी दोरा, तार, पिन, प्लास्टिक वेगळं काढा. एका डब्यात भरून झाकण लावा.

२. झेंडू, शेवंती, आंब्याची पानं परसबागेतल्या खताच्या खड्ड्यात टाका आणि वरून मातीचा थर द्या.

३. कण्हेर, रुई, धोत्रा वेगळे काढून हात-दीड हात खोल पुरा. वर काट्या टाका.

४. निर्माल्य तलावात, बोडीत किंवा गुरांच्या टाक्यात टाकू नका. आपला जिल्हा तलावांचा आहे, गुरं तिथेच पाणी पितात. कण्हेरीची पानं भिजलेलं पाणीही विषारी होतं.

५. फटाक्यांचा कागद, न फुटलेले फटाके, सांडलेली बारूद झाडून गोळा करा. त्यातली रसायनं विषारी असतात. तो कचरा तणसात मिसळला तर निवडून काढता येत नाही.

हे सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. पाडव्याला पूजा आटोपली की घरातल्या पोरांना एक-एक वाटून द्या. मुलीलाच सगळं सांगू नका, मुलालाही झाडू द्या.

खाल्लंच तर काय?

गाय-शेळी रवंथ थांबवते, डावी कूस फुगते, शेण-लेंड्या बंद होतात, दात खाते, लाळ गळते, ही धोक्याची लक्षणं आहेत. पाठीला बाक काढून उभी राहिली, उतारावर चालायला कचरत असली, दूध एकदम कमी झालं, तर तार-खिळ्याची शंका घ्या. मांजर-कुत्रा सारखा ओकत असेल, खात नसेल, पोटाला हात लावू देत नसेल, तर पोटात काही अडकलेलं असू शकतं.

• लगेच पशुसखीला बोलवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो आजच घरच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.
• काय खाल्लं त्याचा उरलेला तुकडा, पान, रंगाचा डबा जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. इलाज त्यावर ठरतो.
• तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका. आत आतडं चिरेल.
• तेल, ताक, मिठाचं पाणी असं काही स्वतःहून पाजू नका. ठसका लागला तर ते फुफ्फुसात जातं आणि एकाचे दोन आजार होतात.
• कण्हेर खाल्ल्याची शंका असेल तर शेळीला चालवत दवाखान्यात नेऊ नका. हृदयावर ताण येतो. सावलीत शांत बसवा आणि डॉक्टरांना घरी बोलवा.
• कुत्र्या-मांजराच्या तोंडातून वस्तू काढायला पोरांना पाठवू नका. चावलं किंवा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या. हळद-तिखट भरू नका.

जनावराचा विमा असेल आणि ते दगावलं तर घाईने पुरू नका. कानातला बिल्ला काढू नका. आधी विमा कंपनीला आणि दवाखान्याला कळवा, शवविच्छेदन करून घ्या. त्या कागदाशिवाय दाव्याचं काम अडतं.

गटाने काय करायचं?

आपले काही गट दिवाळीसाठी तोरणं, पणत्या, आकाशकंदील बनवून विकतात. त्यांना तर ही संधी आहे. बांबूच्या कामट्या, कागद, कापड, धानाच्या लोंब्या, सुती दोरा वापरा. चिकटवायला मैद्याची खळ घ्या. मंडईत दुकान लावाल तेव्हा गिऱ्हाइकाला सांगा, "आमच्या तोरणात तार नाही, पिन नाही, थर्माकोल नाही. गुराढोरांच्या घरी बिनघोर लावा." ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला ही गोष्ट पटते.

आणि दिवाळीआधीच्या बैठकीत पाच मिनिटं या विषयाला द्या. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, की सचिव ताईंनी हे चार प्रश्न विचारावेत. कुणाच्या अंगणात कण्हेर आहे? कुणाकडे गाभण शेळी आहे? १९६२ हा नंबर किती जणींच्या मोबाइलमध्ये आहे? भाऊबीजेनंतर निर्माल्याचा खड्डा कुणाच्या वाडीत करायचा? उत्तरं रजिस्टरला लिहून ठेवा.

दिवाळी आनंदाची जावो. दारात तोरण असू द्या, आणि गोठ्यातली मोजणी सणाआधी जेवढी होती तेवढीच सणानंतरही भरू द्या.